बॅटरी नवी, तरी चार्जिंग बंद : लॅमिंग्टन रोडवरील एका दुरुस्तीचे परीक्षण

मुद्रितशोधनाचे काम करणाऱ्यांना गणपती गेल्यानंतरचे पाच-सहा आठवडे उसंत मिळत नाही. दिवाळी अंकांची प्रुफे एकामागून एक येत असतात आणि प्रत्येक संपादकाला आपली पाने उद्या सकाळीच हवी असतात. गेल्या वर्षी नेमक्या त्याच दिवसांत माझ्या लॅपटॉपचा टचपॅड एका बाजूने वर उचलला गेला. यंत्र डेलच्या लॅटिट्यूड मालिकेतले, १४ इंची पडद्याचे, २०१८ साली घेतलेले आणि तोवर एकदाही दुरुस्तीला न गेलेले. टचपॅड असा उचलला गेला की त्याखालची बॅटरी फुगली आहे असे समजावे. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की आतील द्रावणाचे विघटन होऊन वायू साठू शकतो आणि चपटे सेल उशीसारखे फुगतात. असा सेल टोचला किंवा वाकला तर तो पेट घेऊ शकतो, म्हणून बॅटरी बदलण्यात एका दिवसाचाही उशीर करू नये. मी तो केला नाही. वसईत घराजवळच्या दुकानात त्याच संध्याकाळी यंत्र नेले आणि वीस मिनिटांत नव्या बॅटरीसह परत आणले. पुढचे आठ दिवस त्या बॅटरीत चार्जचा एक थेंबही शिरला नाही. ज्या कारागिराने हा दोष शोधला त्याच्या कामाचे, आणि ओघाने त्या बॅटरीचेही, हे परीक्षण आहे.

आधी लक्षणे नीट सांगते, कारण अशा बिघाडात लक्षणांचे बारकावेच खरे काम करतात. घरी येऊन अडॅप्टर लावला तेव्हा बॅटरी ४३ टक्के दाखवत होती. लॅपटॉप अडॅप्टरवर व्यवस्थित सुरू झाला. बॅटरीच्या चिन्हावर प्लगचे चित्रही उमटले. मात्र त्यावर बाण नेला की ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ एवढेच शब्द दिसत. रात्रभर तसाच ठेवला, तरी सकाळी आकडा ४३ च होता. आमच्या भागात पावसाळा सरेपर्यंत वीज अधूनमधून जाते. दर वेळी वीज गेली की बॅटरी खर्च होई, आणि वीज आल्यावर भरून मात्र निघत नसे. ४३ चे ३१ झाले, ३१ चे २४ झाले. आणखी दोन गोष्टी घडत होत्या, ज्यांच्याकडे मी त्या वेळी पुरेसे लक्ष दिले नाही. यंत्र सुरू होताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक सूचना क्षणभर येई आणि मी सवयीने कळ दाबून ती घालवत असे. दुसरी गोष्ट म्हणजे लॅपटॉप अतिशय मंद झाला होता. तीनशे पानांची पीडीएफ उघडल्यावर पान उलटायलाही दोन-तीन सेकंद लागत, आणि मी त्याचा दोष यंत्राच्या वयाला देत राहिले. निदानाचे धागे नेमके याच दोन गोष्टींत होते.

घराजवळच्या दुकानात दुसऱ्याच दिवशी परत गेले. तेथील तरुण कामगाराने प्रथम सांगितले की नवी बॅटरी आहे, दोन-तीन दिवस वापरा, आपोआप बसेल. तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा सॉफ्टवेअरचा दोष असल्याचे सांगून विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला मिळाला आणि पासवर्ड मागण्यात आला. लॅपटॉपवर चार संपादकांचे अप्रकाशित मजकूर असल्यामुळे मी तो दिला नाही. पाचव्या दिवशी मालकांनी स्वतः यंत्र हातात घेतले, तळाशी दोन ठिकाणी बोटांनी दाबून पाहिले आणि मदरबोर्डचा, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाचा, चार्जिंगचा भाग गेला आहे, साडेसहा हजार रुपये लागतील, असे सांगितले. या तिन्ही भेटींत लॅपटॉप उघडला गेला नाही आणि वीज मोजणारा मल्टिमीटर एकदाही बाहेर आला नाही. माझे खरे दुःख पैशांचे नव्हते. जे यंत्र संध्याकाळी साडेसहाला चार्ज होत होते आणि सातला होईनासे झाले, त्या अर्ध्या तासात त्याला कोणाचा हात लागला होता, हा साधा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही, याचे ते होते.

दरम्यान घरी जे करता येण्यासारखे होते ते मी केले. त्यांतील काही उपाय इतरांना उपयोगी पडतील म्हणून येथे नोंदवते. लॅपटॉप पूर्ण बंद करून, अडॅप्टर काढून, पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरले. बॅटरी, अडॅप्टर आणि कळफलक यांचा कारभार पाहणारी एक छोटी नियंत्रक चिप मदरबोर्डवर असते, आणि बॅटरी बदलल्यावर तिच्या स्मृतीत जुनी स्थिती अडकून राहू शकते. बटण दाबून धरल्याने उरलीसुरली वीज निघून जाते आणि ती चिप नव्याने सुरू होते. ज्यांची बॅटरी आतच बसवलेली आहे त्यांनी हे करण्यापूर्वी आपल्या मॉडेलसाठी कंपनीने सांगितलेली पद्धत पाहावी. लेनोव्होच्या थिंकपॅड मालिकेतील अनेक लॅपटॉपांच्या पाठीवर यासाठी टाचणीच्या टोकाएवढे छिद्रच दिलेले असते. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजर या विंडोजमधील जोडलेल्या भागांच्या यादीतून बॅटरीची नोंद काढून यंत्र पुन्हा सुरू केले, म्हणजे विंडोज ती नोंद नव्याने तयार करते. चार्जिंगची मर्यादा ठरवणारी सेटिंग तपासली. बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून ६० किंवा ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय बहुतेक कंपन्या देतात आणि बॅटरी बदलली तरी ती सेटिंग तशीच राहते. ज्यांची बॅटरी नेमकी ६० वर किंवा ८० वर थांबते त्यांच्या यंत्रात बहुधा काहीही बिघडलेले नसते. माझी ४३ वर थांबली होती, त्यामुळे ती शंका तेथेच मिटली.

शेवटी बायॉस, म्हणजे यंत्र सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणारा मूळ प्रोग्राम, अद्ययावत करून पाहावे असे ठरवले, आणि तेथे एक विचित्र अडचण उभी राहिली. अद्ययावत करणारा प्रोग्राम अडॅप्टर जोडलेला असल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि तो योग्यच आहे, कारण बायॉस लिहिला जात असताना वीज गेली तर यंत्र कायमचे निकामी होऊ शकते. माझा अडॅप्टर जोडलेला होता, त्याच विजेवर लॅपटॉप चालू होता, आणि तरीही प्रोग्राम म्हणत होता की अडॅप्टर जोडा. म्हणजे लॅपटॉप अडॅप्टरची वीज घेत होता, पण त्याला ओळख देत नव्हता. या वाक्याचा अर्थ मला लॅमिंग्टन रोडवर कळला.

ज्यांना हा रस्ता ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला असलेल्या या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी रेडिओच्या सुट्या भागांपासून संगणकापर्यंतची इलेक्ट्रॉनिक वस्तूंची बाजारपेठ म्हणून तो आजही लॅमिंग्टन रोड याच नावाने ओळखला जातो. मी वसईहून जलद गाडीने मुंबई सेंट्रलला उतरले आणि तेथून चालत गेले. माझ्या एका सहकारी मुद्रितशोधकाने ज्या कारागिराकडे पाठवले होते त्यांचे दुकान मुख्य रस्त्यावर नाही. एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, लाकडी जिन्याने वर गेल्यावर, जेमतेम आठ बाय दहाची ती खोली आहे. तेथे काचेचे कपाट नाही, जाहिरात नाही, विक्रीचा नवा मालही नाही. एक लांब टेबल, त्यावर निळी रबरी चटई, भिंग लावलेला दिवा, सूक्ष्मदर्शक, डाग देण्याची, म्हणजे सोल्डरिंगची, दोन यंत्रे आणि भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले तऱ्हेतऱ्हेचे अडॅप्टर, एवढाच पसारा. दुकानाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण त्यांनीच तशी विनंती केली आहे. ते एकटे काम करतात, दिवसाला चार-पाच यंत्रांहून अधिक घेत नाहीत, आणि लांबून आलेल्या माणसाला परत पाठवणे त्यांना आवडत नाही.

लॅपटॉप टेबलावर ठेवल्यावर त्यांनी तो लगेच उघडला नाही. आधी पाच-सहा प्रश्न विचारले. बॅटरी कधी बदलली, बदलण्यापूर्वी चार्ज होत होता का, बदलताना तुम्ही समोर होतात का, अडॅप्टर मूळचाच आहे का, आणि शेवटी, “ताई, बॅटरी बदलल्यापासून लॅपटॉप हळू चालतोय का?” हा प्रश्न ऐकून मी थक्क झाले, कारण मंदपणाबद्दल मी एक अक्षरही बोलले नव्हते. मी होकार देताच त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “मग बॅटरीला दोष देऊ नका अजून.” तपासणीचे तीनशे रुपये लागतील, दुरुस्ती केली नाही तरी द्यावे लागतील, हेही त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले. अनेकांना ही पद्धत खटकते हे मला माहीत आहे. मला ती योग्य वाटते. फुकट तपासणी करणारा शेवटी कोणता ना कोणता भाग विकूनच आपले पैसे काढतो, आणि भाग विकण्याची घाई असली की मोजमाप मागे पडते.

त्यानंतर त्यांनी केलेली तपासणी क्रमाने सांगते, कारण या सेवेचे मोल त्या क्रमातच आहे. यंत्र सुरू करताना एफ-२ ही कळ दाबून ते बायॉसमध्ये गेले. त्यासाठी विंडोजच्या पासवर्डची गरज नसते, आणि त्यांनी तो शेवटपर्यंत मागितला नाही. तेथे बॅटरीच्या माहितीच्या पानावर अडॅप्टरचा प्रकार दाखवणारी एक ओळ असते. जोडलेला अडॅप्टर ६५ वॉटचा असेल तर तेथे तसे दिसायला हवे. माझ्या यंत्रात तेथे अडॅप्टर अज्ञात असल्याची नोंद होती. त्यांनी मला ती ओळ बोटाने दाखवली आणि सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर येणारी, मी रोज घालवत असलेली सूचना हीच असल्याचे सांगितले. अडॅप्टरची क्षमता आणि प्रकार ठरवता येत नाही, असा तिचा मजकूर होता. शब्दांकडे डोळे लावून बसण्याचा माझा व्यवसाय असूनही मी ती सूचना आठ दिवस वाचली नाही, याची खंत मला आजही आहे.

मग त्यांनी माझा अडॅप्टर काढून भिंतीवरच्या तशाच एका चांगल्या अडॅप्टरची पिन लावली. बायॉसमधली ओळ बदलली नाही. त्यानंतर माझा अडॅप्टर त्यांच्याकडील त्याच कंपनीच्या दुसऱ्या लॅपटॉपला जोडला. तेथे क्षणात ६५ वॉट असे दिसले. पाच मिनिटांच्या या अदलाबदलीतून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. अडॅप्टर निर्दोष होता, आणि बिघाड लॅपटॉपच्या चार्जिंगच्या जॅकपासून आतल्या बोर्डापर्यंतच्या वाटेवर कोठेतरी होता. घराजवळच्या दुकानात नवा अडॅप्टर घेतला असता तर दोन हजार रुपये फुकट गेले असते, हे मला तेव्हाच उमगले.

येथे त्यांनी जे समजावून सांगितले ते मी सविस्तर लिहिते, कारण डेल आणि एचपीचे असे गोल पिनेचे अडॅप्टर वापरणारी असंख्य माणसे आहेत. या पिनेच्या आत मधोमध एक बारीक सुई दिसते. बाहेरचा आणि आतला धातू १९.५ व्होल्टची वीज वाहून नेतात. मधली सुई वीज पुरवण्यासाठी नसून ओळख पटवण्यासाठी असते. डेलच्या अडॅप्टरमध्ये एक चिमुकली स्मृती-चिप असते आणि तिच्यात अडॅप्टर किती वॉटचा आहे याची नोंद असते. लॅपटॉप त्या सुईतून ती नोंद वाचतो. वाचता आली तर पूर्ण वेगाने चालतो आणि बॅटरीही भरतो. वाचता आली नाही तर तो सावध होतो. समोरचा अडॅप्टर ६५ वॉटचा आहे की ४५ चा, हे ठाऊक नसताना त्याच्याकडून पूर्ण क्षमतेने वीज ओढली तर तो तापून बिघडू शकतो. ४२ वॉट-तास क्षमतेची बॅटरी वेगाने भरायची तर १२-१३ व्होल्टला अडीच अँपिअर, म्हणजे एकट्या बॅटरीसाठीच तीस वॉटच्या आसपास वीज लागते, आणि प्रोसेसरची भूक त्याहून वेगळी. म्हणून यंत्र चार्जिंग बंद ठेवते आणि प्रोसेसरला अगदी खालच्या वेगावर आणून ठेवते. विंडोजमध्ये प्रोसेसरचा वेग दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये तो ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकलेला दिसत होता. मंदपणा आणि चार्ज न होणे या दोन वेगळ्या तक्रारी नसून एकाच कारणाची दोन फळे होती, आणि म्हणूनच त्यांनी तो प्रश्न पहिल्याच मिनिटाला विचारला होता.

आता तळाचे झाकण काढले. बॅटरीचा कनेक्टर सोडवण्यापूर्वी त्यांनी अडॅप्टर काढून पॉवरचे बटण दाबून धरले. ही गोष्ट घराजवळच्या दुकानात झाली नव्हती; तेथे अडॅप्टर जोडलेला असतानाच बॅटरी ओढून काढली होती हे मी डोळ्यांनी पाहिले होते, मात्र तेव्हा त्यात काही चुकीचे आहे हे मला माहीत नव्हते. वीज चालू असताना कनेक्टर तिरका बसला तर बॅटरीचा धन ध्रुव माहितीच्या पिनेला टेकू शकतो आणि बोर्डावरचे नाजूक भाग जळू शकतात, असे ते म्हणाले. माझ्या बोर्डाचे तसे काही झाले नव्हते. बॅटरीच्या कनेक्टरच्या सगळ्या पिना भिंगाखाली सरळ होत्या.

खरा दोष दिसला तो जॅकच्या तारेत. चार्जिंगचा जॅक बोर्डावर थेट डाग देऊन बसवलेला नसून चार-पाच तारांच्या एका छोट्या जुडीने बोर्डाला जोडलेला असतो. त्यांतल्या जाड तारा विजेच्या आणि एक अगदी बारीक तार त्या मधल्या सुईची. ही जुडी एका खाचेतून जाते. बॅटरी बदलताना ती खाचेबाहेर आली होती, आणि झाकण लावून स्क्रू आवळताना झाकणाची प्लॅस्टिकची खुंटी नेमकी बारीक तारेवर बसली होती. जाड तारांना नुसता चट्टा पडला होता. बारीक तार तुटली होती. त्यांनी मल्टिमीटरची एक सळई जॅकच्या मधल्या सुईला आणि दुसरी तारेच्या टोकाला लावून दाखवली. तार अखंड असली की मीटर वाजतो. जाड तारांवर तो वाजत होता, या तारेवर तो गप्प राहिला. मी समोर बसून हे सर्व पाहत होते, आणि आठ दिवसांची अस्वस्थता त्या एका न झालेल्या आवाजाने संपली.

तार जोडून देता येईल का, असे मी विचारले. जोडता येईल, पण त्या जागी डाग दिल्यावर तार कडक होते आणि पुन्हा तुटते, म्हणून जॅकसकट पूर्ण जुडीच बदलावी, असा त्यांनी सल्ला दिला. तो भाग रस्त्यापलीकडच्या दुकानातून त्यांनी मागवला. अर्ध्या तासात आला. बसवण्यापूर्वी नव्या जुडीची प्रत्येक तार त्यांनी मीटरवर वाजवून पाहिली, मग ती खाचेत नीट दाबून बसवली आणि झाकण लावण्याआधी मला वाकून बघायला सांगितले. बायॉसमध्ये आता ६५ वॉटची ओळ आली. विंडोज सुरू केल्यावर १८ चे १९ टक्के झालेले मी स्वतः पाहिले. पूर्ण खर्च अकराशे रुपये झाला. त्यात तपासणीचे तीनशे, जॅक आणि तारांचे साडेचारशे आणि मजुरीचे साडेतीनशे धरलेले होते. बिल हाती लिहिलेले असले तरी त्यावर दोष काय होता, काय बदलले आणि नव्या भागाला तीन महिन्यांची हमी आहे, हे स्वच्छ शब्दांत नमूद होते.

बॅटरीबद्दलही लिहायला हवे, कारण तिच्यावर मी २,६०० रुपये खर्च केले होते. ती मूळ कंपनीची नसून त्या मॉडेलला जुळणारी, ११.४ व्होल्ट आणि ४२ वॉट-तास असा छाप असलेली आहे. कारागिरांनी तिचे लेबल वाचून एक गोष्ट लक्षात आणून दिली. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटरीला आयएस १६०४६ या मानकानुसार भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लेबलवर असावा लागतो. माझ्या बॅटरीवर तो होता. नसता, तर ती वापरू नका असे सांगणार होतो, असे ते म्हणाले. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि पूर्ण चार्ज झाल्यावरची प्रत्यक्ष क्षमता असे दोन आकडे शेजारी शेजारी मिळतात. पहिल्या दिवशी दुसरा आकडा पहिल्याहून किंचित कमी होता. सात महिन्यांनी तो ३९ वॉट-तासांपर्यंत उतरला आहे. प्रुफे वाचण्याच्या हलक्या कामात चार तासांहून थोडा अधिक वेळ मिळतो. या किमतीत मला ती समाधानकारक वाटते. मात्र शेवटचे वीस टक्के भरायला आधीच्या टक्क्यांच्या मानाने बराच वेळ लागतो, आणि तो तिचा दोष नाही. सेल भरत आला की प्रवाह कमी करत नेणे ही लिथियम बॅटरी भरण्याची नेहमीचीच पद्धत आहे.

फुगलेली जुनी बॅटरी मी पिशवीत घालून सोबत नेली होती, कारण घराजवळच्या दुकानाने ती मला परत देऊन कचऱ्यात टाकायला सांगितले होते. कारागिरांनी ती हातातून घेतली, तिची टोके चिकटपट्टीने झाकली आणि कोपऱ्यातल्या वाळूने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. असा माल जमला की ते तो नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे देतात. बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम २०२२ साली आले आणि जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली गेली, तरी गावोगावच्या दुकानांत ही शिस्त अजून पोहोचलेली नाही. वाळूचा तो डबा पाहून मला त्या माणसाविषयी जो आदर वाटला तो दुरुस्तीहून कमी नव्हता.

सेवेतील उणिवाही सांगणे आवश्यक आहे. यंत्र घरून नेण्या-आणण्याची सोय नाही. आधी फोन केला नाही तर तासन्‌तास थांबावे लागते. मी सव्वादोन तास बसले होते आणि बसायला एकच स्टूल आहे. जिना उंच आणि अंधारा असल्याने वयस्कर माणसांनी एकट्याने जाऊ नये. रविवारी दुकान बंद असते. ते फारसे बोलत नाहीत. विचारले तेवढेच सांगतात, आणि ज्यांना गोड बोलणारा दुकानदार हवा असतो त्यांना ते तुसडे वाटू शकतील. तीन महिन्यांची हमीही मला थोडी अपुरी वाटली. सहा महिन्यांची असती तर अधिक बरे वाटले असते.

माझ्या यंत्राचे निदान प्रत्येकाला लागू पडेल असे मात्र समजू नये. त्या सव्वादोन तासांत माझ्यासमोर आणखी दोन लॅपटॉप आले आणि दोघांचीही तक्रार शब्दशः माझीच होती. एका महाविद्यालयीन मुलीचा लॅपटॉप यूएसबी-सी ने चार्ज होणारा होता. तिने बॅटरी बदलल्यानंतर चार्जरची केबलही बदलली होती, आणि दोष त्या केबलमध्ये निघाला. यूएसबी-सी मध्ये वीस व्होल्टला तीन अँपिअर, म्हणजे साठ वॉटपर्यंत साधी केबल चालते. त्याहून अधिक वीज हवी तर केबलच्या टोकात आपली क्षमता सांगणारी चिप असावी लागते. तिची केबल फोनची होती. त्यांनी आपली केबल लावून दाखवली, चार्जिंग सुरू झाले, आणि तिच्याकडून एक पैसाही घेतला नाही. दुसरे गृहस्थ ठाण्याहून आले होते. त्यांची नवी बॅटरी दुकानात वर्ष-दोन वर्षे पडून इतकी रिकामी झाली होती की तिच्या आतील संरक्षक यंत्रणेने स्वतःला बंद करून घेतले होते. मीटरवर व्होल्टेज जवळपास शून्य दिसत होते. तिला जबरदस्तीने चार्ज देण्यास कारागिरांनी ठाम नकार दिला आणि ती विकत घेतलेल्या ठिकाणी परत करण्यास सांगितले. ते गृहस्थ जरा नाराज झाले. मला मात्र तो नकार फार मोलाचा वाटला, कारण अतिरिकामे झालेले सेल बळाने भरले तर पुढे आग लागण्याचा धोका असतो. चार्ज न होण्याची तक्रार एक आणि कारणे तीन, आणि तिन्ही वेळा त्यांनी अंदाज न बांधता आधी मोजून पाहिले.

दुसऱ्या दिवशी मी तुटलेली ती जुडी आणि हाती लिहिलेले बिल घेऊन घराजवळच्या दुकानात गेले. आवाज न चढवता मालकांना दोन्ही दाखवले आणि दुरुस्तीचे अकराशे रुपये मागितले. न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन, हेही सांगितले. थोड्या वादानंतर त्यांनी आठशे रुपये परत केले. तो तरुण कामगार आतापर्यंत बाजूला उभा होता. त्याने जुडी हातात घेतली, बारीक तारेचे तुटलेले टोक निरखून पाहिले आणि ही तार कुठून जाते, असे मला विचारले. मी माझा लॅपटॉप पालथा करून झाकणावर बोटाने ती वाट दाखवली. त्याने पेन्सिलीने वहीत तिचे चित्र काढले, खुंटीच्या जागी फुली मारली आणि जुडी ठेवून घेऊ का म्हणून विचारले. मी ती त्याला देऊन आले.